राख ओढणारा खडा आणि ओंदिनाची साक्ष

या, असे पुढे सरका. दारात उभं राहून गोष्ट ऐकली की निम्मी अंगणात सांडते. आज एका खड्याची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात देवाचं नाव पुष्कळदा येईल. पण जो ते उठताबसता घेत होता त्याच्या मनात देव नव्हता, आणि जिच्या मनात देव होता तिने नेमकं त्याच दिवशी डोकं घरी ठेवलं होतं. गोष्ट लाजेची आहे. मध्ये हसू आलं तर हसा, मोकळेपणी हसा, पण शेवटपर्यंत बसा.

ब्राझीलच्या मिनास प्रांतात पेद्रा मान्सा नावाचं गाव. टेकड्यांच्या पोटात तुरमली, दागिन्यांत बसवतात ते रत्न. हिरवी, गुलाबी, कधी बाहेरून हिरवी आणि आतून लाल, कापलेल्या कलिंगडासारखी. प्रत्येक घरातला एक माणूस खाणीच्या बोगद्यात आणि एक खडे घासायच्या सहाणेवर, अशी तिथली रीत. जुलै महिना होता. पाऊस दोन महिने नव्हता, रस्त्यावरची तांबडी धूळ भुवयांवर बसत होती, आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर रोझरी मातेच्या देवळापुढच्या मैदानात सगळं गाव गोळा झालं होतं. मैदानाच्या मधोमध टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पत्र्याची ताटली आणि एक मेणबत्ती. टेबलामागे बंधू एलिझेऊ. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट. त्या धुळीत बूट पांढरे कसे राहतात, हा चमत्कारही काही कमी नव्हता.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "मी डॉक्टर नाही. डॉक्टर शिकलेला असतो. मी अडाणी आहे, आणि रोझरीच्या आईला अडाणी लेकरंच जास्त आवडतात. मी पैसे घेत नाही. फक्त मेणबत्ती माझ्याकडची घ्यायची. बाहेरच्या मेणबत्तीला काय बाई, कोणाकोणाचे हात लागलेले असतात."

मग त्याने खिशातून मखमलीची पिशवी काढली आणि पिशवीतून खडा. बोटाएवढा लांब, निळसर हिरवा, एका टोकाला चांदीची टोपी बसवलेला. "हा सात वर्षं नदीच्या तळाशी उपाशी होता," एलिझेऊ म्हणाला. "आईने स्वप्नात येऊन मला जागा दाखवली. हा औषध नाही. औषध तुम्ही खाता. हा तुमचं दुखणं खातो."

त्याने एका म्हातारीकडून कागदाच्या चिठ्ठीवर तिचं दुखणं लिहून घेतलं. गुडघा. चिठ्ठी ताटलीत जाळली. खडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, हळूहळू फिरवला आणि ओठांनी पुटपुटत राहिला. मग खड्याचं टोक ताटलीजवळ नेलं. राखेचे काळे कपटे थरथरले, उभे राहिले आणि उडी मारून खड्याला चिकटले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. म्हातारीने गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाली, "हलका लागतोय."

"लोहचुंबक असेल," गर्दीतून एक घोगरा आवाज आला. हे सेउ बाल्बिनो, म्हणजे आपले बाल्बिनोराव. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात कायम घरी वळलेली विडी, आणि गावातल्या कशावरही विश्वास न ठेवण्याची जुनी खोड.

एलिझेऊ रागावला नाही. हसला. "काका शंका काढतात, काढू द्या. तुमच्या गावात खड्यातलं सगळ्यात जास्त कळतं कोणाला?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. "दोना ओंदिना."

दोना म्हणजे आपण बाईसाहेब म्हणतो तसं. ओंदिना पन्नाशीची. तीस वर्षं सहाणेवर बसून खड्यांना पैलू पाडत आलेली. चौकात तिचं छोटं दुकान, पुढे काचेचं कपाट, मागे चाक. तिने खरा म्हटलेला खडा बाजारात कोणी उलटा तपासत नसे. देवळातल्या गाण्यात तिचा आवाज पहिला लागायचा. शनिवारी मरियामातेची नामावळी गायली जाई तेव्हा बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणत. ती पुढे आली. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. खडा उजेडाकडे धरून फिरवला, नखाने चांदीची टोपी उचकून आत पाहिलं, वासदेखील घेतला. मग चपलेला लागलेला एक खिळा काढून खड्याजवळ नेला. खिळा हलला नाही.

"खडा खरा आहे," ती म्हणाली. "तुरमलीच आहे. काच नाही, आत लोखंड नाही, चिकटवलेलं काही नाही. तीस वर्षांत हात लावला त्यातला हा सगळ्यात स्वच्छ खडा आहे."

आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

इथे जरा थांबा. तिने खोटं काय सांगितलं? काहीच नाही. खडा खरा होता. पण पेद्रा मान्सासारख्या गावात माणसं आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलेली असतात: खरा की काच? हिरव्या बाटलीची फोड घासून तुरमली म्हणून विकणारे कितीतरी तिथे येऊन गेलेले. त्यामुळे खडा खरा निघाला की त्यांचं सगळं कोडं सुटतं. खडा खरा, म्हणजे माणूस खरा. माणूस खरा, म्हणजे चमत्कार खरा. दुसऱ्या गावची माणसं एवढ्या सहज फसली नसती. ही चूक खड्यांत जन्मलेल्या माणसांनीच करावी.

त्या दिवशी ओंदिनाच्या मागून पहिला उठला तो तिचा धाकटा भाऊ, देओलिंदो. सेहेचाळीस वर्षांचा, त्यातली पंचवीस बोगद्यात. दगडाची बारीक धूळ त्याच्या छातीत बसली होती आणि त्या धुळीवर क्षय चढला होता. मे महिन्यापासून आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळत होत्या. सहा महिने घ्यायच्या. गोळ्यांनी त्याला मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची, आणि मित्र विचारायचे, संत्र्याचा धंदा कधी काढलास.

त्याने चिठ्ठीवर लिहिलं: धूळ.

राख उडाली. एलिझेऊने खडा त्याच्या छातीवर टेकवला. "ताटलीतून ओढली तशी इथूनही ओढतोय," तो म्हणाला. "सात रविवार. आणि एक गोष्ट, भाऊ. दोन घरी जेवणाऱ्याला काही पचत नाही. एक तर गोळ्या, एक तर विश्वास."

ओंदिना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं. तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली आणि पहिल्या रांगेत ठेवली. पुढच्या रविवारी ती खुर्ची आधीच मांडलेली होती. एलिझेऊ सुरुवातीलाच म्हणायचा, "आणि या आपल्या बहीण ओंदिना, खड्याच्या साक्षीदार." शेजारच्या गावांतून लोक यायचे, तिला विचारायचे, आणि ती प्रत्येक वेळी तेच सांगायची: खडा खरा आहे. ते विचारलं जाणं तिला आवडत होतं. हे तिने पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात दोन दिवस आभाळ भरून आलं, हवा ओली झाली. त्या रविवारी एलिझेऊने टेबल मांडलंच नाही. "आज खड्याचा उपवास," म्हणाला आणि नुसती प्रवचनं दिली. लोकांना ते फारच आवडलं. उपवास करणारा खडा.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, दुपारी, आरोग्य केंद्रातली परिचारिका झुसारा सायकल टेकवून दुकानात शिरली. चेहरा उन्हाने तापलेला.

"दोना ओंदिना, देओलिंदो कुठे असतो हल्ली? पाच आठवडे गोळ्या न्यायला आलेला नाही. घरी गेले तर मागच्या दाराने कोंबड्यांमधून पळाला."

"तो बरा आहे गं. चढ चढतो. खोकला निम्म्यावर आलाय."

"निम्म्यावर कधी आला?"

"जूनच्या शेवटाला. सेंट जॉनच्या होळीला नाचला की तो."

"आणि हा खडेवाला कधी आला?"

ओंदिनाने फडकं घेऊन कपाटाची काच पुसायला घेतली.

"जुलैत आला," झुसारा म्हणाली. "खोकला आधी उतरला, खडा नंतर आला. उतरवला कोणी? गोळ्यांनी. श्रेय कोणी खाल्लं? त्याने. आता गोळ्या बंद आहेत, आणि आतले जंतू मेलेले नाहीत, दबलेत. ते उठतील तेव्हा जास्त जोराने उठतील. मला घाबरवायचं नाहीये तुम्हाला."

"तू शिकलेली आहेस, तुला बोलायला येतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे डोळे गाव मानतं."

"मानतंच. म्हणून तर तुमच्याकडे आले." झुसाराने उसासा टाकला आणि खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. "जाऊ दे. भांडायला वेळ नाही मला. हे तेवढं बघा. आईचं लॉकेट आहे. कामाला असताना काढून ठेवते, आणि संध्याकाळी बघावं तर हे असं."

हिरव्या तुरमलीचं लॉकेट होतं. त्यावर कापसाचे तंतू आणि धुळीची मऊ साय बसलेली.

ओंदिनाला बोलायची गरजच नव्हती. तीस वर्षांचं पाठांतर आपोआप सुरू झालं. हात ब्रश शोधत होते आणि तोंड चालू होतं. "कोमट पाणी घ्यायचं, उकळतं नाही. साधा साबण, मऊ ब्रश, आणि मऊ फडक्याने टिपायचं. वाफेवर धरायचं नाही. त्या थरथरणाऱ्या सफाईच्या यंत्रात तर अजिबात टाकायचं नाही. हिच्या पोटात केसासारख्या चिरा असतात, एका झटक्यात तडकते. सेंट लावून झालं की मग घालायचं. हिऱ्याच्या अंगठीबरोबर एका डबीत नको, ओरखडे येतात. ठेवतेस कुठे?"

"खिळ्याला टांगते. सुया उकळायच्या भट्टीशेजारी."

"मग बरोबर आहे. उबेला ठेवू नकोस. तुरमलीला ऊब लागली की ती धूळ ओ..."

ब्रश हातात राहिला. झुसारा तिच्याकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही," ओंदिना म्हणाली. "लॉकेट उद्या ने."

झुसारा गेल्यावर तिने दुकानाचं दार लोटून घेतलं. कपाटातल्या दिव्याखाली चार ओळी खडे मांडलेले होते. रोज संध्याकाळी ती फडकं घेऊन तुरमलीची ओळ पुसायची. शेजारच्या स्फटिकांची ओळ आठवड्यातून एकदा पुसली तरी चालायची. हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं, तिने तीन मुलींना शिकवलं होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते सांगत आली होती. का, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

ती मागच्या खोलीत गेली. सहाणेखालचा भंगाराचा डबा ओढला. तडकलेले, डागाळलेले, कोणी फुकट नेणार नाही असे तुरमलीचे तुकडे. चुलीतली राख बशीत घेतली, जळलेल्या कागदाचे कपटे त्यात टाकले. मेणबत्ती एलिझेऊचीच होती. दुसरी घरात नव्हती. पहिला तुकडा चिमट्यात धरून तिने ज्योतीवर फिरवला. तोंडाने काही म्हटलं नाही. तुकडा बशीजवळ नेला.

राख उडाली आणि चिकटली.

दुसरा तुकडा. चिकटली. तिसरा, काळाकुट्ट, दारात टाकायच्या लायकीचा. चिकटली. मग तिने स्फटिकाचा तुकडा घेतला, तेवढाच तापवला. राख जागेवर. बाटलीची काच घेतली. राख जागेवर. पुन्हा तुरमली घेतली, आणि राख पुन्हा उडाली, लाडात आलेल्या मांजरासारखी.

ओंदिना स्टुलावर बसली. कानशिलं तापली होती. कोणी बघत नव्हतं, तरी तिने पदराने तोंड झाकावं तसा ॲप्रन चेहऱ्यावर ओढला. फसवणाऱ्याचा राग नंतर आला. पहिल्यांदा आली ती लाज, आणि ती अशी की उठवेना. उत्तर तीस वर्षं तिच्या स्वतःच्या तोंडात होतं. ती ते रोज उच्चारत होती, फक्त ऐकत नव्हती.

त्याच पावली ती देओलिंदोकडे गेली. तो अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होता. दोन घाव घातले की थांबायचा, श्वास घ्यायचा. तिने सगळं सांगितलं. डबा, राख, स्फटिक, काच. त्याने हातोडी खाली ठेवली नाही.

"झुसाराने पाठवलं तुला."

"नाही रे. मी करून पाहिलं. तुला दाखवते, चल."

"दिना, मी पाच आठवडे मोकळा श्वास घेतोय. मळमळ नाही. रात्री झोप लागते. आणि आता तू म्हणतेस ते सगळं खोटं."

"खोटंच. झोप गोळ्या बंद केल्याने लागते. मळमळ गेली तीही त्यानेच. आतलं गेलं नाही."

तो म्हणाला, "खरा आहे, हे तू कुठे म्हणालीस? चौकात. सगळ्या गावासमोर, भिंग डोळ्याला लावून. आणि खोटं आहे हे कुठे सांगतेस? माझ्या कोंबड्यांसमोर. मी कुठल्या ओंदिनाचं ऐकू?"

"देओलिंदो..."

"रविवारी सांग. त्या खुर्चीवरून उठ आणि सांग. तू सांगितलंस तर मी गोळी घेईन. नाहीतर मला माझा श्वास घेऊ दे, जितका उरलाय तितका."

आणि तो जाळी ठोकायला लागला.

शुक्रवार आणि शनिवार ओंदिनाने काय केलं ते ऐका, कारण आपण सगळे तेच करतो. आधी तिला वाटलं, पाद्रीबाबांना सांगावं, तेच वेदीवरून सांगतील. मग वाटलं, झुसाराकडे तुकडे द्यावेत. ती शिकलेली आहे, तिचं लोक ऐकतील. मग वाटलं, एलिझेऊला एकट्याला गाठावं आणि निघून जा म्हणावं, म्हणजे गावाला कळणारही नाही आणि कोणाचं नाकही कापलं जाणार नाही. प्रत्येक उपायात भाऊ वाचत होता की नाही हे नक्की नव्हतं. तिचं नाव मात्र प्रत्येकात वाचत होतं. शनिवारी नामावळीला ती उभी राहिली. एकेक नाव आलं, "न्यायाचा आरसा" असंही एक नाव आलं, आणि तिथे ती थांबली. मागच्या बायकांनी माना वर करून पाहिलं. त्या दिवशी पेद्रा मान्सात नामावळी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या आवाजाने पुढे गेली.

रविवारी मैदान भरलं होतं. शेजारच्या दोन गावांतून बस आल्या होत्या. खुर्ची मांडलेली होती. एलिझेऊ म्हणाला, "आणि या आपल्या बहीण ओंदिना..." तेवढ्यात ती उठली आणि हातातला पत्र्याचा डबा टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर ठेवला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "मी म्हणाले होते खडा खरा आहे. तो खराच आहे. पण मला जे विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नाही. आज विचारते. हा माझ्या भंगारातला तुकडा. याला कोणी स्वप्नात पाहिलेलं नाही. हा माझ्या सहाणेखाली पायात येत होता."

तिने तो ज्योतीवर फिरवला, ताटलीजवळ नेला. राख उडून चिकटली. मग ती तुकड्यामागून तुकडे तापवत गेली, आणि प्रत्येक तुकडा राख ओढत गेला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, भांडं फुटलं. पण ढोंगी माणूस एवढा कच्चा नसतो. एलिझेऊने दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि भरल्या आवाजात म्हणाला, "पाहिलंत? पाहिलंत, बंधूंनो? माझ्या खड्याच्या संगतीने तुमच्या गावातला केरसुद्धा पवित्र झाला. आईने पेद्रा मान्सावर हात ठेवलाय."

आणि लोकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. एक बाई तर पुढे येऊन म्हणाली, "दोना ओंदिना, त्यातला एक तुकडा मला देता का?"

ओंदिनाने डबा आपल्याकडे ओढला. पहिल्या रांगेच्या कडेला देओलिंदो उभा होता, हाताची घडी घालून, आणि तिच्याकडेच बघत होता.

"सेउ बाल्बिनो," ती म्हणाली, "तुमच्या विडीची राख झाडा इथे."

म्हाताऱ्याने खुशीत राख झाडली. तिने तापलेला तुकडा जवळ नेला. राख चिकटली.

"हे कोणाचं दुखणं होतं, बंधू एलिझेऊ?"

एलिझेऊने चादरीचं टोक सारखं केलं. बाल्बिनो म्हणाला, "माझ्या तंबाखूचं. बिचारी बरी झाली." मागे कोणीतरी हसलं. मग दोघंतिघं हसली.

"आता तुमचाच खडा घ्या," ओंदिना म्हणाली. "माझा नको. तुमचा पवित्र. तापवा, आणि ताटलीच्या वर दोन बोटं धरा. टेकवायचा नाही. फक्त दोन बोटं."

"पवित्र वस्तूची परीक्षा घेत नसतात, बहिणी."

"मी परीक्षा घेतली होती की पहिल्या दिवशी. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवून घेतल्यात." तिने स्वतःचा सगळ्यात मोठा तुकडा तापवला आणि ताटलीवर धरला. हळूहळू खाली आणला. एक वीत. चार बोटं. दोन बोटं. राख जागची हलली नाही. अगदी नखाएवढं अंतर उरलं तेव्हा कुठे एक कपटा थरथरला.

"दोन बोटांवरची राख याला उचलता येत नाही," ती म्हणाली. "मोकळी राख, फुंकरीने उडणारी. आणि मी माझ्या भावाला सांगितलं, की हा कातडीच्या, मांसाच्या आणि फासळ्यांच्या आत रुतलेली धूळ ओढतो. मी तोंडाने नाही सांगितलं. मी या खुर्चीत बसून सांगितलं. तुरमलीला ऊब लागली की तिच्या टोकांना वीज धरते. केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसलीच. हवा ओली असली की ती वीज टिकत नाही. मागे खड्याचा उपवास झाला तो त्यामुळे. यात देव आहे, कारण खडा देवानेच केलाय. पण यात औषध नाही. मला हे माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. तुमच्यातल्या प्रत्येक बाईला मी अंगठी देताना सांगितलंय, दिव्याजवळ ठेवू नका, धूळ धरते. सांगितलंय की नाही?"

बायका एकमेकींच्या हातांकडे, बोटांतल्या अंगठ्यांकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्याही माना खाली गेल्या. लाज अशी एका खुर्चीवरून उठून सगळ्या मैदानात पसरली.

"माझ्या शब्दावर कोणी गोळ्या, इंजेक्शनं सोडली असतील," ओंदिना म्हणाली, "त्यांनी आजच आरोग्य केंद्रात जा. मला शिव्या द्यायच्या असतील तर आधी जा, मग द्या. मी दुकानातच असते."

एलिझेऊने खडा मखमलीत गुंडाळला. "जिथे विश्वास नाही तिथे खडा जेवत नाही," एवढं म्हणून तो आपल्या पिकअप गाडीकडे निघाला. त्याला कोणी मारलं नाही, अडवलं नाही. बसमधून आलेली काही माणसं त्याच्या मागून गेली, हेही सांगायला हवं. चादर टेबलावर राहिली. पांढऱ्या बुटांवर मात्र त्या दिवशी चांगलीच धूळ बसली होती, असं बाल्बिनो पुढे किती तरी दिवस सांगत होता.

देओलिंदो बहिणीजवळ आला. "चल," एवढंच म्हणाला. रविवार असूनही झुसाराने आरोग्य केंद्र उघडलं, पेलाभर पाणी दिलं, आणि त्याने तिच्यासमोर गोळी गिळली. त्या आठवड्यात आणखी अकरा माणसं आली. एक मधुमेहाची बाई होती, तिचा पाय वाचला नाही.

देओलिंदोला सगळं पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागलं. सुटलेल्या पाच आठवड्यांत क्षय पुन्हा उठला होता आणि साध्या गोळ्यांना दाद देईना. पुढे मोठ्या शहरातून औषधं आणावी लागली, दीड वर्ष. त्याने एकही दिवस चुकवला नाही. नारिंगी लघवीवरून मित्रांनी चिडवलं तर म्हणायचा, "संत्री विकायला काढलीत, घेतोस का?" क्षय गेला. पण तोवर उजवी छाती आत बसली होती, आणि बोगद्यातली जुनी धूळ तर कोणालाच काढता येणार नव्हती. तीन वर्षांनी, कोरड्या दिवसांतच, तो गेला. बहिणीला त्याने कधी दोष दिला नाही. ती स्वतःला देत राहिली. नामावळी ती पुन्हा गायला लागली, पण सगळ्यांच्या पुढे उभी राहून नाही, मागच्या रांगेतून.

मंडळी, देवावर प्रेम करा, गाणी गा, टाळ्या वाजवा. देवाला कोणाचीच हरकत नाही. फक्त चमत्कार दाखवणारा समोर आला की एक करा. तो जी वस्तू हातात देईल ती खरी आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ती जे करते म्हणतो ते ती करते का, हे विचारा. दुसरी तशीच वस्तू घेऊन पाहा. दोन बोटं लांब धरून पाहा. आणि तो औषध सोड म्हणाला तर त्याच पावली उठून घरी जा.

आणि एक मागणं आहे. या गोष्टीतला एलिझेऊ विसरलात तरी चालेल, ओंदिनाही विसरा. पण देओलिंदोला आठवणीत ठेवा. घरात कबूल केलेली चूक त्याने मानली नाही, चौकात कबूल करायला लावली, आणि तिने ती केल्यावर एक शब्दही जास्त न बोलता तिच्याबरोबर चालत गेला. प्रार्थनेला बसाल तेव्हा त्याचं नाव एकदा घ्या.